युवकांचे जलसंधारण आणि अनुदानाचे वेळापत्रक

माळव्याचे पठार दक्षिणेकडे नर्मदेच्या खोऱ्यात जेथे उतरू लागते, त्या उतरणीच्या प्रदेशात धार जिल्ह्यातील गंधवानी हा तालुका वसलेला आहे. धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास परकी नाहीत. पवार घराण्याच्या या संस्थानांमुळे मराठी भाषा त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. देवास म्हटले की १९४८ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी तेथील कोरड्या हवेत जाऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांचे स्मरण होते. परंतु गंधवानी, कुक्षी, मनावर हा धार जिल्ह्याचा डोंगराळ भाग मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही. भिल्ल व भिलाला समाजाची येथे मोठी वस्ती असून संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. नर्मदेच्या दक्षिणेस, सातपुड्याच्या रांगांत, आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके आहेत. राज्ये दोन असली तरी दगड, उतार, पाऊस आणि लोकजीवन यांत विलक्षण साम्य आहे. म्हणूनच गंधवानीसारख्या तालुक्यातील युवकांनी हवामानबदलाला तोंड देण्यासाठी एखादा उपक्रम हाती घ्यावयाचे ठरविले, तर त्यास पैसा कोठून, कोणत्या मार्गाने आणि मुख्य म्हणजे केव्हा मिळू शकतो, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील वाचकांसही उपयुक्त ठरावा.

हवामानबदल हा शब्द उच्चारला की ध्रुवप्रदेशातील वितळणारे बर्फ डोळ्यांसमोर येते. गंधवानीच्या शेतकऱ्याला तो पावसाच्या लहरीत दिसतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, पाऊस थोड्या दिवसांत आणि जोराने पडतो, उतारावरून मातीसह वाहून जातो आणि दोन सरींमधील उघडीप लांबते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडते. वर्षाकाठी ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर हेक्टरी ८० लाख लिटर पाणी आकाशातून येते. ते अडविण्याचे साधन साधेच आहे. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा एक समतल चर एका वेळी १,८०० लिटर पाणी धरतो, आणि पावसाळ्यात तो अनेकदा भरतो. अशा चरांच्या ओळी माथ्यापासून पायथ्यापर्यंत, त्याखाली ओहोळात अनगड दगडांचे बांध आणि त्याखाली तळे, असा हा क्रम असतो. त्यासाठी कुदळ, फावडे, पातळी काढण्यास लाकडी ए-फ्रेम आणि धडधाकट माणसे लागतात.

ही धडधाकट माणसेच गावात नसतात, हे या प्रदेशाचे मोठे दुखणे आहे.

स्थलांतराचा फेरा

खरिपाचे पीक निघाले की तरुण जोडपी गुजरातकडे मजुरीला जातात. काही वीटभट्ट्यांवर, काही बांधकामावर, काही ऊसतोडीला. या स्थलांतराने केवढी किंमत वसूल केली आहे याची एक नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात सापडते. गुजरातमधील गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून आलेल्या अलिराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतील मजुरांच्या फुप्फुसांत दगडाची भुकटी साचली. सिलिकोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगावर उपाय नाही. मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात शासनास दिले. रोगग्रस्त असलेल्या ३०४ जणांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्य प्रदेश शासनावर सोपविण्यात आली. रब्बीला पाणी असते तर यांतील किती जण त्या कारखान्यांपर्यंत गेले असते, हा प्रश्न कोणत्याही जलसंधारण प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिण्याजोगा आहे.

गेलेली माणसे होळीला परततात. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणारे भगोऱ्याचे बाजार हे त्या परतीचे निमित्त. आपल्याकडे सातपुड्यात यासच भोंगऱ्या बाजार म्हणतात. ढोल-मांदळाच्या गजरात चार दिवस गाव भरून जाते. त्यानंतर निर्णयाची घडी येते. मृगाला अजून अडीच-तीन महिने असतात. गावात काम असेल तर तरुण राहतो, नसेल तर पुन्हा गाडीत बसतो. जलसंधारणाचे खोदकाम करण्याचा उत्तम काळही हाच आहे, कारण शेते मोकळी असतात आणि ओहोळ कोरडे असतात.

आता शासकीय वित्तीय वर्षाकडे पाहावे. ते ३१ मार्चला संपते, म्हणजे होळीच्या आसपासच. जुन्या वर्षाच्या तरतुदीतील अखर्चित रक्कम परत करण्याची घाई चालू असते, आणि नव्या वर्षाची तरतूद प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी व निधिवितरण या पायऱ्या उतरून गावापर्यंत पोहोचेतो बहुधा पावसाळा उजाडतो. माणूस गावात असतो तेव्हा पैसा नसतो, आणि पैसा येतो तेव्हा चर पाण्याने भरलेले असतात. ही कोणा एका कार्यालयाची कसूर नव्हे. शेतीचे पंचांग आणि कोषागाराचे पंचांग यांची जुळणी आजवर कोणी मुद्दाम केलेली नाही, इतकेच.

अनुदानाचे तीन मार्ग

हवामानविषयक कामांसाठी मिळणारा पैसा सर्वसाधारणपणे तीन प्रकारे येतो. पहिला प्रकार मोठ्या प्रकल्पांचा. क्योटो करारांतर्गत स्थापन झालेल्या अनुकूलन निधीतून झाबुआ, धार व बडवानी या जिल्ह्यांतील तलावांत मत्स्यपालन करणाऱ्या लहान मच्छीमारांसाठी एक प्रकल्प राबविण्यात आला. त्याची रक्कम सुमारे १८ लाख डॉलर होती. नाबार्ड ही त्याची राष्ट्रीय अंमलबजावणी संस्था आणि प्रत्यक्ष काम एका स्वयंसेवी संस्थेकडे, अशी त्याची रचना होती. अशा प्रकल्पांत अहवाल, मूल्यमापन, लेखापरीक्षण यांची शिस्त कडक असते, आणि ती असावयासच हवी. परंतु गावातील पंधरा-वीस युवकांच्या मंडळाने अर्ज करावा असा हा दरवाजा नाही. तेथे लाभार्थी म्हणून उभे राहता येते, कर्ता म्हणून नव्हे.

दुसरा प्रकार लहान अनुदानांचा. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ मध्ये, म्हणजे रिओ परिषदेच्या वर्षी, सुरू झाला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत तो अनेक देशांत चालविला जातो आणि भारतातही त्याची कामे झाली आहेत. एका प्रकल्पास कमाल ५० हजार डॉलर ही त्याची दीर्घकाळ प्रचलित राहिलेली मर्यादा होय. अनुदान संस्थेस वा समुदायगटास मिळते, व्यक्तीस मिळत नाही. या कार्यक्रमाचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. गावाने आपला वाटा रोख द्यावा अशी सक्ती त्यात नाही. श्रम, साहित्य, जागा या रूपाने दिलेला वाटाही हिशेबात धरला जातो. ज्यांच्याजवळ हातांखेरीज भांडवल नाही, त्यांच्या दृष्टीने हा नियम मोलाचा आहे.

केवळ युवकांसाठी असलेल्या अनुदानाचे अलीकडील उदाहरण शहरांतील आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रतिष्ठानाने २०२४ मध्ये जगातील १०० शहरांच्या महापौरांकडे प्रत्येकी ५० हजार डॉलर सोपविले. त्यातून १५ ते २४ वयाच्या युवकांच्या उपक्रमांना १ ते ५ हजार डॉलरची लहान अनुदाने द्यावयाची होती. यातील युक्ती रकमेत नसून मार्गात आहे. युवकांची नोंदणीकृत संस्था असावी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद असावेत, असा आग्रह धरला तर अठरा वर्षांच्या मुलांनी कधी काही करूच नये असे होईल. महानगरपालिका हिशेबाला जबाबदार राहते आणि मुले कामाला. खेड्यांसाठी अशी व्यवस्था करावयाची झाली तर महानगरपालिकेच्या जागी कोण, याचे उत्तर पुढे येईलच.

तिसरा प्रकार आपल्या अधिक ओळखीचा. काम आधी, पैसा नंतर. महाराष्ट्रात पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत जी स्पर्धा घेतली, तीत गावांनी श्रमदानाने कामे केली आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने पहिले, ५० लाख रुपयांचे पारितोषिक मिळविले. पुढे २०१९ पर्यंत ही स्पर्धा वर्षागणिक वाढत गेली. राज्य शासनाच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी आरंभिलेले ‘माझी वसुंधरा’ अभियानही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामाचे गुणांकन करून पारितोषिके देते. स्पर्धेचा मोठा गुण असा की, हरलेल्या गावाचेही पाणी अडतेच. मात्र पहिल्या दिवसाचा खर्च गावाने कोठून करावा, हा प्रश्न उरतो.

देवासचा अनुभव

याच प्रश्नावर देवासचे उदाहरण बोलके आहे. पावलोपावली पाणी असल्याचा लौकिक मिरविणाऱ्या माळव्यातील या शहराला १९९० मध्ये रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले होते. सोयाबीन व गव्हासाठी शेकडो फूट खोल कूपनलिका खणून भूजल उपसले गेल्याचा तो परिणाम होता. २००६ मध्ये तेथे जिल्हाधिकारी म्हणून आलेल्या उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा थोडा भाग तळ्यासाठी देण्यास प्रवृत्त केले. कूपनलिकेवर खर्चलेला पैसा आटून जातो, तळ्यावर खर्चलेला उरतो, असे साधे गणित त्यांनी मांडले. शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने व बँकांच्या कर्जाने तळी खोदली. टोंकखुर्द भागात हे काम विशेष झाले. तळ्यांना ‘रेवासागर’ आणि ती खोदणाऱ्यांना ‘भगीरथ कृषक’ ही नावे मिळाली. तळ्यांची संख्या काही हजारांवर गेली. या यशानंतर, २००७ मध्ये, मध्य प्रदेश शासनाने बलराम तलाव योजना आणून शेततळ्यांस अनुदान सुरू केले. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी ते खर्चाच्या ७५ टक्के, कमाल एक लाख रुपये, असे ठेवण्यात आले.

देवासची ही रीत गंधवानीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. देवासच्या मोठ्या शेतकऱ्याजवळ तारण ठेवण्यास जमीन होती आणि अनुदान येईपर्यंत थांबण्याची ऐपत होती. डोंगरउतारावर दोन-तीन एकर मुरमाड जमीन कसणाऱ्यास ७५ टक्के अनुदानही, ते काम पूर्ण झाल्यावर मिळणार असेल तर, जवळजवळ शून्यच. त्याच्याजवळ असते ते मनुष्यबळ, आणि ते एकत्र आणण्याची एक जुनी रीत.

हलमा

झाबुआ, अलिराजपूर व धारच्या भिल्ल समाजात या रीतीस हलमा म्हणतात. एखाद्या कुटुंबावर एकट्याने न पेलणारी अडचण आली की ते हलमा बोलाविते. गाव जमते, काम उरकते, मजुरी कोणी मागत नाही. आपल्याकडील इर्जिक किंवा सावड ज्यांनी पाहिली असेल त्यांस ही कल्पना नवीन वाटणार नाही. झाबुआच्या शिवगंगा संस्थेने या रीतीस पाण्याच्या कामाकडे वळविले. झाबुआ शहराजवळील हाथीपावा टेकडीवर गावोगावचे स्त्री-पुरुष आपापली गैंती-फावडी खांद्यावर घेऊन येतात आणि समतल चर खोदतात. या कामाचे प्रवर्तक महेश शर्मा यांना २०१९ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. गावातील युवकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी हे काम पुढे नेण्यावर संस्थेचा भर आहे. हलमा उन्हाळा तापण्यापूर्वी होतो, ही गोष्टही नजरेआड करू नये. जे पंचांग कोषागाराला जमले नाही ते समाजाला जमले आहे.

श्रम मात्र सर्व काही करू शकत नाहीत. सिमेंट, सांडव्याचे दगडी काम, तज्ज्ञाकडून पातळी तपासून घेणे, दूरच्या पाड्यांतून येणाऱ्यांचे जेवण, यांस रोकड लागते. एकूण खर्चात तिचा वाटा लहान, पण तिच्यावाचून काम अडते. लहान अनुदानाची खरी जागा येथे आहे.

आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावात चैत्राम पवार या तरुणाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उच्चशिक्षण घेऊन गावी परतल्यावर कामाला हात घातला, तेव्हा अनुदानाची वाट पाहिली नव्हती. जंगलात कुऱ्हाड चालविणाऱ्यास दंड, राखणीच्या पाळ्या, श्रमदानाने चर आणि बांध, असे नियम ग्रामस्थांनी स्वतः केले आणि पाळले. सुमारे ४०० हेक्टर वन त्यातून उभे राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे लक्षात घ्यावयाची बाब देखभालीची आहे. चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात. ज्या प्रस्तावात तिसऱ्या वर्षी गाळ कोण काढणार याचे उत्तर नाही, तो मंजूर करणाऱ्याने परत पाठवावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

ग्रामसभेचा दरवाजा

शहरात जे स्थान महानगरपालिकेचे, ते अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे. मध्य प्रदेशाने पेसा कायद्याखालील आपले नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू केले. त्यांनुसार गावातील तलावांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेस अधिकार मिळाले. गावाबाहेर मजुरीसाठी माणसे नेणाऱ्याने ग्रामसभेस कळवावे अशीही तरतूद त्यांत आहे. या दुसऱ्या तरतुदीचा पाण्याच्या कामाशी असलेला संबंध सहसा कोणी जोडत नाही. कोण गेले, किती गेले आणि केव्हा परतणार याची नोंद ज्या सभेजवळ आहे, तिला होळीनंतर किती हात उपलब्ध होतील याचा अंदाज आधीच बांधता येतो.

महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्येच केले, आणि आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना अबंध स्वरूपात थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये घेतला. ही रक्कम कशावर खर्च करावी हे ग्रामसभा ठरविते, आणि जलसंधारण हा मान्य विषयांपैकी एक आहे. याखेरीज पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के हिस्सा स्वच्छता, पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंचय व पाण्याचा पुनर्वापर या कामांशी बांधून दिला होता. युवकांचे मंडळ नोंदणीकृत नसले तरी ते या मार्गाने काम करू शकते. ग्रामसभेने ठरावाद्वारे समिती नेमावी, तीत युवक व युवती असाव्यात, पैसा ग्रामसभेच्या वा पंचायतीच्या खात्यात राहावा आणि मोजमाप पंचायतीच्या अभियंत्याने घ्यावे. येथे युवतींचा उल्लेख उपचार म्हणून केलेला नाही. पाणी आणण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना कोणता झरा चैत्रात आटतो आणि कोणता वैशाखापर्यंत टिकतो हे नकाशावाचून ठाऊक असते.

प्रस्तावाचे कागद फार लागत नाहीत. शिवाराचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर उताराची दिशा व विहिरींच्या खुणा; मार्च व मे महिन्यांत मोजलेली विहिरींच्या पाण्याची पातळी; खोदावयाच्या चरांची लांबी; श्रमदानाच्या दिवसांचा हजेरीपट कसा ठेवणार याची माहिती; रोकड कशासाठी व किती; आणि देखभालीविषयी ग्रामसभेचा ठराव. विहिरींची पातळी आदल्या वर्षी मोजून ठेवलेली नसेल, तर काम झाल्यानंतर पाणी वाढले की नाही हे सांगता येत नाही, आणि पुढील अनुदान तेथेच अडते. दोरी, दगड आणि वही एवढ्यावर हे मोजमाप होते. शाळेतील मुलेही ते करू शकतात.

राहिला वेळेचा प्रश्न. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम २०१८ पासून देशभर २ ऑक्टोबरला सुरू होत आली आहे. स्थलांतरास निघण्यापूर्वी तरुण गावात असतात तो हाच काळ. तेव्हाच्या ग्रामसभेत शिवारफेरीचा ठराव होऊन काम आराखड्यात घेतले गेले, दिवाळीनंतर मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी व शाळकरी मुलांनी विहिरी मोजल्या, आणि २६ जानेवारीच्या सभेपुढे अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीसह ठेवले गेले, तर भगोऱ्याच्या बाजारापूर्वी रोकडीचा पहिला हप्ता खात्यात जमा करण्यास काही आठवडे तरी मिळतात. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने या हप्त्यास ३१ मार्चची मुदत न लावता ३० जूनची लावावी, आणि उपयोगिता प्रमाणपत्र पहिल्या पावसानंतर, चरांत पाणी उभे असताना, स्थळावर जाऊन घ्यावे.